आंब्याचं सागवान

आधीच सांगून टाकते, माझं अक्षर वाईट आहे. ओळ डावीकडून नीट निघते आणि उजवीकडे पोचेपर्यंत घसरून खालच्या ओळीवर बसते. ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीपर्यंत जमले नाहीत, आणि चौथीनंतर शाळाच राहिली नाही. ज्याला कोणाला ही वही सापडेल त्याने चुका माफ कराव्यात. माफ करायच्या नसतील तर निदान मला येऊन दाखवू नयेत. मला चारचौघांत बोलता येत नाही.

दिवाळीच्या अंकांत लोक आपल्या नोकरीच्या आठवणी लिहितात त्या मी आवडीने वाचते. साहेब लिहितात, डॉक्टर लिहितात, पोलिसातले लिहितात. सगळ्यांनी जन्मभर चांगलंच काम केलेलं असतं. एकाच्याही हातून काही बिघडलेलं नसतं. मला वाटलं, बिघडवलेल्या कामाचंही कुणीतरी लिहून ठेवावं. छापायला द्यायचं नाही, पण ठेवावं.

आखाडा बाळापूरला रस्त्याच्या कडेला आमचं जुन्या फर्निचरचं दुकान होतं. पुढे पत्र्याचं शेड, त्यात पलंग, टेबलं, कपाटं. मागे गोणपाटाचा पडदा, आणि पडद्यामागे मी. आमचे मालक, म्हणजे घरधनी, पुढे बसून बोलायचे आणि मी मागे बसून घासायचे. वाटणी अशी होती आणि ती आम्हां दोघांना मानवली होती. त्यांना घासायचा कंटाळा आणि मला बोलायचा. पॉलिश कोण करतं असं गिऱ्हाइकाने विचारलं तर ते नुसते आपल्याच हाताकडे बघायचे. खोटं बोलले नाहीत, पण गिऱ्हाइकाला कळायचं ते कळायचं.

माल यायचा बदल्यांतून. हिंगोली जिल्हा झाला तेव्हा आमच्या मालकांनी पेढे वाटले. जिल्ह्याचा आणि त्यांचा काही संबंध नव्हता. पण जिल्हा झाला म्हणजे साहेब वाढणार, साहेब वाढले म्हणजे बदल्या वाढणार, आणि बदली झालेला साहेब पलंग ट्रकमध्ये चढवण्यापेक्षा विकून मोकळा होतो, असं त्यांचं गणित. गणित बरोबर निघालं. दोन वर्षांत निम्म्या जिल्ह्याचे साहेब लोक आमच्या पलंगांवर झोपून गेले. एकाचा विकत घेतलेला पलंग पॉलिश करून दुसऱ्याला द्यायचा, त्याची बदली झाली की त्याच्याकडून अर्ध्या किमतीत परत घ्यायचा. एक दिवाण तर आमच्याकडे तीनदा परत आला. तिसऱ्या वेळी मी त्याला ओळखीच्या पाहुण्यासारखं आत घेतलं.

लाकूड कुठलंही असो, आमच्या शेडमध्ये शिरलं की सागवान व्हायचं. कडुलिंब, बाभूळ, आंबा, खोक्याच्या फळ्या, सगळं सागवान. मालकांच्या तोंडात ‘सागवान’ हा शब्द दिवसातून जितक्या वेळा यायचा तितकी सागाची झाडं आख्ख्या कळमनुरी तालुक्यात नसतील.

हे काम मला रहीम चाचांनी शिकवलं. ते नांदेडहून यायचे, पॉलिशचे जुने मिस्त्री. हात थरथरायला लागले तेव्हा ते मला पुढ्यात बसवून माझ्या हाताने काम करवून घ्यायचे. काम सांगायला सोपं आहे. आधी जुनं पॉलिश काढायचं. स्पिरिटचा बोळा फिरवून ते मऊ करायचं आणि फुटक्या काचेच्या धारेने खरवडायचं. मग रेती कागद, आधी जाड, मग बारीक, लाकडाच्या रेषेच्या दिशेने. आडवा घासला की ओरखडे राहतात आणि ते पॉलिशखालून जन्मभर दिसतात. भेगा भरायच्या. रंग द्यायचा. मग लाख. पत्र्यासारखी पातळ चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजत घालायची, ती विरघळली की मलमलीतून गाळायची. कापसाचा बोळा मऊ फडक्यात बांधायचा, त्याला पोचा म्हणतात. पोचा लाखेत बुडवून पिळायचा, वर तेलाचं एक बोट, आणि लाकडावर गोल गोल फिरवायचा. एक हात, वाळू द्यायचं, दुसरा हात, वाळू द्यायचं. बारा-पंधरा हात झाले की लाकडात आपलं तोंड दिसतं. चाचा म्हणायचे, “बेटी, पोचा रुका तो दाग पडता.” पोचा थांबवायचा नाही. दारात कोणी आलं, दूध उतू गेलं, तरी हात उचलायचा तो फिरता फिरताच.

स्पिरिटचा वास हा या धंद्याचा शाप. आमच्या घराला, अंथरुणाला, माझ्या पदराला तो वास. शेजारणी मला बघून तोंडाला पदर लावायच्या. एकदा एक हवालदार वासावरून आत आला, पडदा बाजूला करून माझ्याकडे आणि बाटलीकडे आळीपाळीने बघत बसला. मालकांनी त्याला समजावलं की हे विषारी असतं, पिणारा आंधळा होतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि जाताना हळूच विचारलं की थोडं पाणी घातलं तर काही होत नाही ना.

गिऱ्हाइकं मला हिशेबात धरत नसत. बाई घासते आहे, म्हणजे ती ऐकत नसणार, असा सगळ्यांचा समज. त्यामुळे मला खूप ऐकायला मिळालं. एक गुरुजी एक खुर्ची घेऊन आले. चांगली शिसवी खुर्ची. बसायच्या फळीखाली शाळेचा नंबर पांढऱ्या रंगाने लिहिलेला. गुरुजींनी मालकांना सांगितलं की बाकी पॉलिश जमेल तसं करा, पण खालून अगदी स्वच्छ करा. मी वरून पंधरा हात दिले आणि खालच्या नंबराला बोटही लावलं नाही. खुर्ची घेताना त्यांनी उलटी करून बघितली, पुन्हा सरळ केली आणि पैसे ठेवून मुकाट्याने निघून गेले. ओरडणार कोणापुढे? माझा त्या धंद्यातला तेवढाच एक प्रामाणिकपणा, आणि त्यालाही तोंड उघडावं लागलं नव्हतं.

आता हळदीचं सांगते.

रंगासाठी आम्ही पिवडी, म्हणजे पिवळी माती, आणि गेरू वापरायचो. पिवडीने रंग येतो पण मेलेला येतो, भिंतीसारखा. एकदा पिवडी संपली होती आणि मालक आणायला विसरले होते. मी डब्यातली हळद स्पिरिटमध्ये टाकून बघितली. आमच्या भागात हळदीला काय कमी? वसमतकडची हळद, नुसती चिमूटभर. स्पिरिट सोन्यासारखं झालं. आंब्याच्या पांढऱ्या फळीवर त्याचा एक हात दिला, त्यावर थोडा गेरू, त्यावर लाख. ती फळी अशी काही उजळली की मी स्वतः दोन पावलं मागे सरकले. जुन्या सागाला जो आतून येतो तो पिवळा उजेड तिला आला होता. मालकांनी बघितलं, बोटाने टिचकी मारली आणि म्हणाले, “आता झालं सागवान.”

तेव्हापासून आमच्या सागवानात हळद पडायला लागली. मला त्याचा गर्व झाला होता, ते लपवत नाही. चाचांनाही जे सुचलं नव्हतं ते मला सुचलं होतं. ते तोवर काम सोडून घरी बसले होते, नाहीतर त्यांनी एक प्रश्न नक्की विचारला असता.

कुरुंद्याचे नामदेवराव आमच्याकडे आले ते हळद विकून. अंगाने बारीक, बोलणं हळू. मुलीचं, सुनंदाचं, लग्न साखऱ्याच्या एका घरात ठरलं होतं. नवरदेवाचे मोठे चुलते आबासाहेब त्या घरातले कर्ते. गावातले पुढारी, आणि हुंड्याच्या विरुद्ध. बैठकीत त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की आम्ही हुंडा घेत नाही, आमच्या घराला तो शोभत नाही. फक्त पलंग, कपाट आणि ड्रेसिंग टेबल तेवढं सागवानी द्या, म्हणजे पोरीचीच सोय. नामदेवरावांनी आधी नव्या सागवानी फर्निचरचा भाव काढला, आणि मग ते आमच्या शेडमध्ये आले.

मालकांनी त्यांना एका बदलीच्या साहेबाचा पलंग आणि त्याचंच कपाट दाखवलं. पलंगाचे पाय बाभळीचे, बाकी आंबा. कपाटही आंब्याचं. टेबल कशाचं होतं ते त्या टेबलालाही माहीत नसेल. नामदेवराव म्हणाले, जुनं आहे हे बाहेर कळलं तर माझी नाचक्की होईल. मालक म्हणाले, “सागवान कधी जुनं व्हत न्हाई, नामदेवराव. जुना व्हतो माणूस.” नामदेवराव पहिल्यांदा हसले. साडेपाच हजाराला सौदा झाला. जुनं आहे हे त्यांना माहीत होतं. सागवान नाही हे फक्त आम्हां दोघांना माहीत होतं. मी पडद्यामागे होते, हातात काच होती, आणि मी खरवडत राहिले.

लग्नाची तारीख अलीकडे आली. दोन आठवड्यांचं काम आठ दिवसांत करायचं होतं. लाख वाळायला वेळ मागते. वरून वाळलेली दिसते, पण आतून चांगले काही दिवस ओली असते. पंधरा हातांच्या जागी मी सहाच हात दिले आणि मालकांनी तिन्ही वस्तू टेम्पोत घातल्या. दिसायला इतकं सुंदर काम माझ्या हातून त्याआधी झालं नव्हतं. नामदेवरावांनी हट्टाने आम्हां दोघांना लग्नाला बोलावलं, आणि मी नवं लुगडं नेसून कुरुंद्याला गेले. बायकांत सगळ्यात मागे, मांडवाच्या खांबाला टेकून बसले. स्पिरिटच्या वासामुळे माझ्या आजूबाजूला आपोआप जागा झाली होती.

हळद चुन्याने लाल होते हे मला ठाऊक नव्हतं असं कोणी समजू नये. कुंकू तसंच करतात, आणि आमच्याकडच्या बाईला ते लहानपणापासून ठाऊक असतं. पण मी विचार केला होता की वर लाखेचा थर आहे, आणि पलंगाला चुना लावायला येतंय कोण? मला पुरुषांचा विसर पडला होता.

मांडवात एका बाजूला रुखवत मांडलं होतं आणि त्याच्या शेजारी आमचा पलंग, कपाट, टेबल. वऱ्हाड आलं, पाणी झालं, आणि आबासाहेब चार मंडळी घेऊन फर्निचर बघायला आले. हुंडा न घेणारा माणूस फर्निचर फार बारकाईने बघतो. त्यांनी पलंगाचे पाय हलवून बघितले, कपाटाचं दार तीनदा उघडलं. डाव्या तळव्यात तंबाखू होती, आणि अधूनमधून थांबून उजव्या अंगठ्याने ते चुना लावून ती मळत होते. तंबाखू ओठात सोडून त्यांनी तोच अंगठा उशाकडच्या फळीवर दाबला आणि म्हणाले, “माल बरा हाय.” मग बाकीच्यांनीही बघायचं म्हणून हात लावले. तंबाखू सगळ्यांचीच मळून झाली होती. उन्हाळ्याचे दिवस, घामाचे हात, चुन्याची बोटं, आणि खाली कच्ची लाख.

मला मागून आधी कळलंच नाही. पुढच्या बायका उठून उभ्या राहिल्या तेव्हा मी उठले. फळीवर बोटं उमटली होती. लालभडक. आबासाहेबांचा अंगठा तर ओल्या जखमेसारखा दिसत होता. कपाटाच्या दारावर पाच बोटांचा आख्खा पंजा होता.

कोणीतरी म्हणालं रक्त. वऱ्हाडातल्या दोन बायका एकमेकींच्या कानाला लागल्या, पण अशा की चार जणींना ऐकू यावं. पोरीचा पायगुण आधीच दिसून राहिला म्हणे. अंथरुणाच्या जागी रक्त उमटलं, आता नवरदेवाचं कसं व्हायचं. हे बोलणं किती वेगाने पसरतं ते मी त्या दिवशी पाहिलं. लाखेचा एक हात वाळायच्या आत ते मांडवाच्या दुसऱ्या टोकाला पोचलं. तिथे सुनंदा मुंडावळ्या बांधून बसली होती. तिने मान वर केली नाही, पण तिच्या आत्याने तिचा हात धरलेला मला दिसला.

आमचे मालक पुढे झाले. त्यांना गप्प राहता येत नाही. हात जोडून म्हणाले, “उन्हाळ्यात रस सुटतो आबासाहेब. अस्सल सागवानाची खूण हाय ती.”

आबासाहेबांनी त्यांना खालून वरपर्यंत बघितलं. “माह्या घरच्या दाराला चाळीस वर्षं झाली, सागवानाच्या. त्याला न्हाई सुटला कधी.”

“त्याला हात लावत न्हाईत ना एवढे,” मालक म्हणाले.

यावर कोणी हसलं नाही. आबासाहेब म्हणाले की भटजींना विचारू, गरज पडली तर मुहूर्त पुढे ढकलू. नामदेवराव उभे होते तिथेच उभे राहिले. त्यांच्या तोंडावर घाम होता आणि ते एकट्या आमच्या मालकांकडे बघत होते. मुहूर्त पुढे ढकलणं म्हणजे काय हे तिथल्या प्रत्येक बाईला कळत होतं. तो परत कधी येत नाही. आणि पुढे जन्मभर त्या पोरीच्या नावापुढे तो पलंग.

अकरा वर्षांत मी एका गिऱ्हाइकाशी शब्द बोलले नव्हते. मी बायकांतून वाट काढत पलंगाजवळ गेले आणि खाली मान घालून म्हणाले, “हळद हाय ती.”

कोणाला ऐकू गेलं नाही. आबासाहेबांनी विचारलं ही बाई कोण. नामदेवरावांनी सांगितलं, पॉलिशवाल्याच्या घरच्या आहेत.

मी पुन्हा म्हणाले, “हळद हाय. चुना लागला म्हून लाल झाली. तुमची डबी द्या.”

आबासाहेबांनी चुन्याची डबी दिली नाही, दुसऱ्या कोणाची माझ्या हातात आली ते आता आठवत नाही. नवरीला लावून उरलेली हळद ताटात होती. मी तळव्यावर चिमूटभर हळद घेतली, बोटभर चुना घातला, दोन थेंब पाणी टाकून चोळलं आणि हात सगळ्यांपुढे धरला. सुनंदाची आत्या जवळ आली, वाकून बघितलं आणि मोठ्याने म्हणाली, “अगं माय, हे तं कुंकू. एवढ्याला भिऊन राहिले व्हय रे सारे?” बायका हसायला लागल्या. मघा कानाला लागलेल्या त्या दोघीही हसल्या, आणि आपल्याला तर आधीच वाटलं होतं असं त्यांनी शेजारणींना सांगितलं.

तिथे माझं काम संपलं असतं तर बरं झालं असतं. पण आबासाहेब पुढारी झाले होते ते उगाच नाही. सगळे हसत असताना ते एकटे हसले नाहीत. “मंग सागवानाला हळद काहून लावली?” त्यांनी विचारलं.

मालकांनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे बघितलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी ते मिटलं.

“सागवान न्हाई ते,” मी म्हणाले. “आंबा हाय. पाय बाभळीचे. नामदेवदादांनी सागवानाचेच पैसे मोजले. फसवलं ते आमी. त्यांचे सारे पैसे मी परत करीन.”

जुनं आहे हे मी सांगितलं नाही. ते नामदेवरावांचं होतं, माझं नव्हतं. ते त्यांनी मला ऐकू येईल असं मालकांना सांगितलं होतं, एवढाच माझा त्याच्याशी संबंध. खरं बोलायला उभी राहिले तेव्हाही मी निम्मंच बोलले, आणि त्या निम्म्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटतं ते त्याआधीच्या अकरा वर्षांचं. मालकांचं खोटं तोंडातलं होतं, वाऱ्यावर गेलं असतं. त्याला लोकांच्या घरात नेऊन बसवलं माझ्या हातांनी.

आबासाहेब म्हणाले, पैसे परत करायचे तर वस्तू आम्हांला दिली आहे, म्हणून आम्हांला करा. मी म्हणाले, “ज्याच्या हातून घेतले त्याच्याच हातात देईन.” आत्याने मला धरून बायकांत नेऊन बसवलं. मुहूर्ताला अक्षता पडल्या. जेवणं झाली. आणि संध्याकाळी वऱ्हाडाने तो फसवणुकीचा पलंग, ते फसवणुकीचं कपाट आणि ते ड्रेसिंग टेबल दोरखंडाने करकचून बांधून साखऱ्याला नेलं. एक खिळा मागे सोडला नाही.

मालक आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आमच्या घरात इतकी शांतता कधी नव्हती, मी पुष्कळ काम उरकलं. नवव्या दिवशी त्यांनी विचारलं की साडेपाच हजार आणायचे कुठून. मी सांगितलं, मी घासलेल्या कामाची मजुरी यापुढे माझ्याकडे राहील, त्यातून. ते म्हणाले, धंदा राहिला तर ना.

धंदा बसला, पण वेगळाच उभा राहिला. गोष्ट पसरली होती. लोक शेडमध्ये येऊन मालकांचं सगळं ऐकून घ्यायचे, मग पडदा बाजूला करून मला विचारायचे, “काकू, खरंच सागवान हाय का वो?” मी मान हलवायचे, उभी नाहीतर आडवी. तोंड उघडायची गरज नव्हती. मग लोक आपापल्या घरची लाकडं दाखवायला मला बोलवायला लागले. आजोबांनी केलेला झोपाळा, आंदणातली पेटी. मी काचेने कोपऱ्यात जरासं खरवडून बघायचे आणि सांगायचे, लिंब. त्यांची तोंडं उतरायची. खरं ऐकायला म्हणून मला भाड्याच्या जीपने नेणारी माणसं येताना मला एस.टी.ला सोडून द्यायची. पण पॉलिशचं काम द्यायची. पिवडी, गेरू आणि पंधरा हात. हळद मी पुन्हा घातली नाही. रंग थोडा मेलेलाच यायचा.

नामदेवरावांकडे मी दर दोन-तीन महिन्यांनी जायचे. कधी दोनशे, कधी चारशे. ते पहिल्या वेळी नको म्हणाले, दुसऱ्या वेळी काही म्हणाले नाहीत, तिसऱ्या वेळी चहा झाला. हजार-बाराशे राहिले असतील तेव्हा त्यांनी सांगितलं की उरलेले सुनंदाच्या हातात द्या, आणि तिच्या घरच्यांना दिसू देऊ नका. पोरीजवळ स्वतःचे चार पैसे असलेले बरे. मी त्यांना विचारलं नाही की तिकडे कसं आहे. त्यांनीही सांगितलं नाही.

साखऱ्याला त्या घरात माझं जाणं सोपं नव्हतं. सुनंदा माहेरी कुरुंद्याला आली की मी तिथे गाठून तिला द्यायचे. शेवटचे तीनशे मात्र राहून गेले. वर्ष झालं तरी ती माहेरी आली नाही. आणि अशात आबासाहेबांचाच निरोप आला.

त्यांनी परभणीहून एक खुर्ची आणली होती. मोठी, हातांना सिंहाची तोंडं असलेली. निरोप्याने सांगितलं की दुपारी या, गावात जास्त बोलू नका. मी गेले. आबासाहेब ओसरीवर होते, आणि त्या मांडवातलं त्यांना काहीच आठवत नसल्यासारखे वागले. खुर्ची दाखवून म्हणाले, गावात लोकांची बैठक आहे, नव्यासारखी झाली पाहिजे.

मी खुर्ची आडवी केली, खालून जरासं खरवडलं.

“सागवान हाय ना?” त्यांनी विचारलं. आवाज बारीक केला होता.

“लिंब हाय.”

त्यांनी एका सिंहाच्या तोंडावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, “विकणाऱ्यानं तं सागवान सांगितलं.”

“सांगतात.”

“दिसंल ना पर सागवानावानी?”

“दिसंल. पर कोणी मला विचारलं तर मी लिंबच सांगीन.”

“तुमाला कोण विचारते,” ते म्हणाले, आणि मजुरीवर आले. मी चारशे सांगितले. हुंडा न घेणारे आबासाहेब शंभर रुपयांसाठी माझ्याशी अर्धा तास बोलले. तीनशेवर आलो.

चार दिवस मी त्यांच्या ओसरीवर बसून ती खुर्ची घासली. आतल्या खोलीत दारातून पलंग दिसायचा. त्याच्या उशाकडच्या फळीवर कोणीतरी निळा ऑइलपेंट फासला होता. वर एक पोर झोपलेलं असायचं. सुनंदा येता-जाता माझ्याकडे बघून जायची, पण बोलायची नाही, आणि न बोलणाऱ्या बाईचं मला समजतं. चौथ्या दिवशी सिंहांच्या तोंडात उजेड दिसायला लागला. आबासाहेब खुर्चीत बसले, दोन्ही सिंहांवर हात ठेवले, आणि खिशातून शंभराच्या तीन नोटा काढून त्यांनी माझ्यापुढे ओसरीवर ठेवल्या. मी त्या उचलल्या, हात धुवायचे आहेत म्हणून सांगितलं आणि मागच्या न्हाणीकडे गेले.

सुनंदा चुलीजवळ भाकरी थापत होती. पिठाचे हात. मी नोटांची घडी तिच्या कमरेच्या पिशवीत सरकवली. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “किती राहिले आता, काकू?”

“काहीच न्हाई. फिटले.”

ती जराशी हसली. “कुठून आणले वो?”

मी ओसरीकडे मान केली. तिकडून आबासाहेबांचा आवाज येत होता, पॉलिशवाल्या बाईला चहा द्या म्हणून. सुनंदाने पिठाचा हात तोंडावर दाबून धरला आणि तिचे खांदे हलायला लागले. मीही पदर तोंडाला लावला. चहा पिऊन मी निघाले तेव्हा आबासाहेब अजून खुर्चीतच होते. साडेपाच हजारांतला शेवटचा रुपया तासाभरापूर्वी नामदेवरावांच्या पोरीच्या हातात पडला होता, आणि तो आबासाहेबांनी स्वतः मोजून दिला होता.